ते वीस प्रश्न पुढे पाठवण्याआधी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा, निदान चिपळूणकरांनी तरी वाचाच.

पावसाने जोर धरला की आमच्या ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरायला लागतात. पहिली, वाशिष्ठीच्या पातळीचे फोटो. दुसरी, 'पुराचा तुमच्या मनावर आघात झालाय का? २० प्रश्न, फक्त ५ मिनिटं' असं काहीतरी. परवा एकाच दिवशी तीन ग्रुपांवर हे आलं. त्यातलं एक मराठी भाषांतर वाचताना मला घाम फुटला, कारण ते माझंच होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मीच बसून केलेलं. खाली माझं नाव नव्हतं, पण 'दचकायला होणे' च्या जागी 'दचकयला' अशी टायपिंगची चूक होती, ती अजून तशीच आहे.

तेव्हा ज्याने हे चालू केलं, त्यानेच आता सांगितलेलं बरं.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. गावात 'सर' म्हणतात. या 'सर' शब्दाचा त्रास असा की लोक तुम्हाला शाळेबाहेरचंही विचारतात आणि आपल्याला 'मला माहीत नाही' म्हणायची सवय राहात नाही.

२२ जुलै २०२१ नव्याने सांगायची गरज नाही. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबायला तयार नव्हता, पहाटे पाणी गल्लीत आलं आणि उजाडेपर्यंत आमच्या खालच्या मजल्यावरचा पंखा पाण्यात होता. शेजारच्या वहिनी एकट्या, मुलगी पुण्याला. त्यांना आम्ही वरच्या मजल्यावर ओढून घेतलं. लाइट नाही, नेटवर्क नाही, प्यायला पाणी नाही. रात्रभर खालून भांडी आपटल्याचे आवाज. त्याच दिवशी तिकडे महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली, ते आम्हाला नेटवर्क आल्यावर कळलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा म्हणत होती की असं पाणी पाहिलं नव्हतं.

मग चिखल. पंधरा दिवस नुसता चिखल. बाहेरून माणसं आली, ट्रक आले, धान्य, चटया, औषधं आली. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण माणसं झोपत नव्हती. पत्र्यावर सर आली की उठून बसायची. आणि मला वाटलं, या बाबतीत कोणीतरी काहीतरी करायला हवं.

केलं ते असं. इंटरनेटवर एक प्रश्नावली मिळाली. पीसीएल-५ तिचं नाव. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी जे पीटीएसडीचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांची. पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा तणावाचा विकार. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, मन बधिर किंवा अपराधी होणं, आणि सतत दचकणं, चिडणं, झोप उडणं. प्रश्न वीस, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. ३१ ते ३३ च्या वर गेलात की पुढे तपासणी व्हावी असा साधारण संकेत. गुणांची बेरीज म्हटल्यावर गणिताच्या मास्तराला काय हवं? एका रात्रीत भाषांतर केलं आणि ग्रुपवर टाकलं. शिवाय वह्या घेऊन घरोघर गेलो.

ती तारीख होती ३ ऑगस्ट. पुराला बारा दिवस झाले होते.

आता पहिली चूक बघा. प्रश्नावलीच्या डोक्यावरच लिहिलंय, 'गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती त्रास झाला?' आणि पीटीएसडी म्हणायचं तर लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात. पहिल्या महिन्यात जे होतं, त्यातलं बरंचसं मनाची सरळ प्रतिक्रिया असते. पुष्कळांचं ते आपोआप, घरच्यांच्या आधाराने, कामाला लागल्याने ओसरतं. काहींचं त्या काळातही तीव्र असतं, त्याला वेगळं नाव आहे आणि तेही डॉक्टरांनी ठरवायचं. मी बाराव्या दिवशी निकाल लावत होतो. सहामाहीचा पेपर जूनमध्ये घ्यावा तसं.

दुसरी चूक भाषांतराची नाही, गावाची. एक प्रश्न होता, 'प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळता का?' ऑगस्टात कोकणातला माणूस पाऊस कसा टाळणार? दुसरा, 'सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखं वाटतं का?' अहो, नदीकाठचा माणूस रात्री दोनदा उठून पाणी बघून येतो, तो आजार नाही, शहाणपण आहे. तिसरा झोपेचा. भिंती ओल्या, गाद्या फेकून दिलेल्या, डासांचा थवा. चार गुण तर तिथेच पडले. माणूस तपासणाऱ्याने समोर बसून विचारलं असतं, 'झोप का लागत नाही?' तर वेगळं उत्तर आलं असतं. कागद 'का' विचारत नाही.

माझ्या वहीत निम्मी गल्ली आजारी निघाली. ग्रुपवर लोक आपले आकडे टाकायला लागले. 'माझा ३८', 'आमच्या हिचा ५२, म्हणजे डिस्टिंक्शन!' हसण्यावारी चाललं होतं. मी ते थांबवलं नाही. उलट प्रत्येकाला खाली सल्ला देत होतो.

आता दोन माणसांबद्दल सांगतो. दोघांनाही विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या वहिनी. त्यांचा आकडा आला ४६. हात थरथरायचे, छातीत धडधड, झोप नाही, मधेच रडू. मी छातीठोकपणे सांगितलं, 'वहिनी, हा पीटीएसडी आहे. घाबरू नका, मनाचं आहे, बोला, मोकळ्या व्हा.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. आमच्या घरात एका नातेवाइकाची झोपेची गोळी होती. 'अर्धी घेऊन बघा' म्हणालो. त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डबाभर घावणे आणून दिले. मला काय वाटलं असेल, तुम्हीच ठरवा.

पुढे त्या ती पट्टी दुकानातून आणायला लागल्या. या गोळ्या शेड्यूल एच-१ मधल्या. दुकानदाराने चिठ्ठी बघून, नोंद करून द्यायच्या. पण पूरग्रस्त बाई, ओळखीचं दुकान, कोण विचारतं? अर्ध्याची एक झाली, एकाच्या दोन. दरम्यान वहिनी वाळत चालल्या. ब्लाऊज सैल झाले. उकाडा सहन होईना. भेटल्या की म्हणायच्या, 'सर, धडधड काही जात नाही.' आणि मी प्रत्येक वेळी, 'वेळ लागतो वहिनी, मनाची जखम आहे.'

ऑक्टोबरात मुलगी आली. आईला बघून हादरली, फिजिशियनकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात पुढे करायला लावले, मानेवर बोटं ठेवली आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. थायरॉइड. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. थरथर, धडधड, वजन उतरणं, घाम, झोप न लागणं, हे सगळं त्यात होतं. पावसाची भीती खोटी नव्हती, डॉक्टरांनी तीही मानली. पण शरीर तपासल्याशिवाय 'मनाचं आहे' म्हणायचा अधिकार कोणाला नाही, असं ते मुलीला म्हणाले. मुलीने ते मला ऐकवलं. बरोबरच केलं तिने.

आणखी एक. मुलीने रागाने त्या गोळ्या एकदम फेकून दिल्या. तीन रात्री वहिनींना झोप नाही, अंग कापतंय, घबराट. पुन्हा डॉक्टर. या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या की शरीराला सवय होते, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. एकदम बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो. आणि पुढे वाचलं तेव्हा कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी अशा गोळ्या देऊ नयेत. हे डॉक्टरांसाठी लिहिलेलं आहे. मी तर मास्तर.

दुसरे काका. बाजारपेठेत दुकान. माल गेला, उधारीची वही गेली. त्यांचा आकडा आला ९. वीस प्रश्नांपैकी बहुतेकांना 'अजिबात नाही'. मी पाठीवर थाप मारली, 'काका, तुम्ही ठणठणीत!' आणि त्यांचं उदाहरण मी इतरांना द्यायला लागलो. बघा, काकांचं एवढं नुकसान झालं तरी कसे उभे आहेत.

दिवाळीच्या आधी एका पहाटे काका घरात कोणाला न सांगता निघून गेले. मागे चिठ्ठी होती. नशीब एवढंच की ओळखीच्या एका रिक्षावाल्याला ते भेटले, त्याला काहीतरी वेगळं वाटलं, त्याने गप्पा मारत बसवून ठेवलं आणि मुलाला फोन केला. त्या रिक्षावाल्याने कुठलीही प्रश्नावली वाचलेली नव्हती.

काकांवर पुढे रत्नागिरीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार झाले. आज ते दुकानात बसतात. बऱ्याच महिन्यांनी मी धीर करून विचारलं, 'काका, त्या दिवशी कागदावर असं का लिहिलंत?' ते म्हणाले, 'मुलगा शेजारी बसलेला. तुमच्या वहीत माझ्याआधीच्या दहा जणांचे आकडे मला दिसत होते. मी खरं लिहिलं असतं तर संध्याकाळी सगळ्या पेठेला कळलं असतं ना सर?'

यावर मी काय बोलणार होतो?

म्हणजे एकाच वहीत, एकाच आठवड्यात, मी एका बाईला नसलेलं नाव चिकटवलं आणि एका माणसाला असलेल्या दुखण्यासकट 'ठणठणीत' म्हणून घरी पाठवलं.

पुढे विचार करताना जाणवलं की हे नुसतं माझं अडाणीपण नव्हतं. चाळणीचाच तो स्वभाव आहे. दहावीचं गणित आहे, करून बघा. समजा वस्तीत १०० माणसं. त्यातल्या १० जणांना खरोखर विकार आहे. चाचणी चांगली आहे, आजारी दहापैकी आठ पकडते आणि निरोगी माणसाला दहापैकी आठ वेळा बरोबर सोडते. मग काय होईल? १० आजाऱ्यांपैकी ८ सापडले, २ सुटले. ९० निरोग्यांपैकी १८ उगाच अडकले. यादीत एकूण २६ नावं, त्यातली खरी ८. म्हणजे यादीतल्या दर तिघांपैकी दोघांना तो आजार नाही, आणि यादीबाहेर दोघं असे आहेत ज्यांना आहे. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.) चाळणीचं काम एवढंच, कोणाला आधी नीट तपासायचं ते सुचवणं. पुढचं निदान प्रशिक्षित माणूस समोरासमोर बसून, चार गोष्टी विचारून, शरीर तपासून करतो. ही दुसरी पायरी नसेल तर पहिली पायरी म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या वाटणं.

शिवाय ते ३१-३३ आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासांतून आलेले. चिपळूणच्या गृहिणीला ते तसेच लावायचे का, याचा मी विचारही केला नव्हता.

एक कबुली राहिली. मी एका हॉलमध्ये 'मन मोकळं करा' असा कार्यक्रमही घेतला होता. गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने ती रात्र सांगायची. सांगितलं की हलकं वाटतं, हा माझा सिद्धांत. कॉलेजातली एक मुलगी तिसऱ्या माणसाचं ऐकता ऐकताच उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसून थरथरत होती. आघातानंतर लगेच माणसांना बसवून सगळं वदवून घ्यायची ही पद्धत उपयोगाची नाही, काहींना त्रासच होतो, म्हणून ती वापरू नये असं त्याच २०१३ च्या मार्गदर्शनात आहे. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं. ज्याला नाही बोलायचं, त्याच्या शेजारी नुसतं बसायचं.

मग सामान्य माणसाने काहीच करू नये का? असं नाही. मानसिक प्रथमोपचार नावाची एक साधी गोष्ट आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याचं पुस्तकच काढलं. सार तीन शब्दांत: बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, जेवलाय का, अंथरूण आहे का, ते बघा. बोलला तर ऐका, खोदू नका. आणि त्याला घरच्यांशी, मदतीशी, डॉक्टरांशी जोडून द्या. यात निदान नाही, गोळी नाही, गुण नाहीत. त्या रिक्षावाल्याने न शिकता हेच केलं.

आता मी स्वतः काय पाळतो ते सांगतो.

कोणी 'सर, मला हे झालंय का?' विचारलं की 'मला माहीत नाही, पण कोणाकडे जायचं ते सांगतो, हवं तर सोबत येतो' एवढंच म्हणतो.

आपल्या घरातली गोळी दुसऱ्याच्या तोंडात नाही. अर्धीसुद्धा नाही.

महिना उलटूनही झोप, भीती, चिडचिड, दारू वाढत असेल, कामधंदा सुटत असेल, तर आधी साध्या डॉक्टरांना दाखवून शरीराची तपासणी, आणि मग मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ. यावर चांगले उपचार आहेत. आघातावर केंद्रित अशी बोलण्याची उपचारपद्धती आहे, गरज पडली तर औषधं आहेत. माणसं बरी होतात.

जिवाचं बरंवाईट करण्याचा संशय आला तर महिना-बिहिना बघायचा नाही. सरळ विचारायचं, 'मरून जावंसं वाटतं का?' विचारल्याने डोक्यात खूळ भरतं हा गैरसमज आहे. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

टेलि-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर २०२१ मध्ये नव्हता. आता आहे, तर तो वीस प्रश्नांच्या जागी फॉरवर्ड करा.

शेवटी नगरपरिषद, तहसील, आरोग्य खातं आणि आमचे सगळ्या पक्षांचे पुढारी, यांना एक सांगणं.

१९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी चाळणी चाचण्यांचे नियम लिहिले. त्यातला एक असा: निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे. आमच्याकडे उलटं होतं. पूर आला की पहिल्या पंधरवड्यात समुपदेशकांची पथकं येतात, फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात. महिन्याने, म्हणजे ज्याला खरोखर उपचार लागतील तो माणूस वेगळा दिसायला लागतो तेव्हा, मंडप उठलेला असतो. मग त्याने कुठे जायचं? मनोरुग्णालय रत्नागिरीला. जवळजवळ नव्वद किलोमीटर. दुकान चिखलात असलेला माणूस एक दिवस मोडून, एसटीने, 'वेड्यांच्या हॉस्पिटलात' जाईल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. सरकारी यंत्रणेकडून हे उपचार मिळणं हा त्यात प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहिलाय, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हाही.

मागणी एवढीच. पुरानंतर पहिल्या पंधरा दिवसांत जी पथकं येतात ती येऊ देत. पण त्यानंतरचे निदान सहा महिने, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एक मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी बसू दे. साध्या ओपीडीतच बसू दे, वेगळी पाटी नको, म्हणजे काकांसारखा माणूस 'बीपी दाखवायला आलोय' म्हणून आत शिरू शकेल. आणि आशाताईंना कोणाला, कुठे, कसं पाठवायचं हे पावसाआधीच सांगून ठेवा. पंचनाम्यात भिंत मोजतात, भांडी मोजतात. ज्याची झोप गेली त्याला मोजू नका एक वेळ, पण त्याला जायला जागा द्या.

वहिनी आता बऱ्या आहेत. थायरॉइडची गोळी रीतसर डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतात. परवाच्या पावसात रात्री त्यांच्या खिडकीत उजेड दिसला म्हणून मी हाक मारली. म्हणाल्या, 'पाणी बघत्ये, सर.' मी म्हटलं, 'मीही तेच.' दोघं आपापल्या खिडकीत उभे राहिलो थोडा वेळ. मी सल्ला काही दिला नाही.

ज्या ग्रुपवर तो 'दचकयला' वाला फॉरवर्ड दिसेल, तिथे ही पोस्ट टाका. माझं नाव घालून टाका, हरकत नाही.